गाळलेले परिच्छेद

फेब्रुवारी २००९ मध्ये जर्मनीच्या अर्थमंत्रिपदी कार्ल-थिओडोर त्सू गुटेनबर्ग या तरुण नेत्याची निवड झाली. जुन्या सरदार घराण्यातला माणूस, त्यामुळे पूर्ण नाव म्हणजे नावांची रांगच. निवडीची बातमी फुटत असतानाच कोणी अनामिकाने जर्मन विकिपीडियावरच्या त्यांच्या पानात त्या रांगेमध्ये ‘विल्हेल्म’ हे एक नाव जादा घातले. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जर्मनीतल्या मोठ्या वृत्तपत्रांनी आणि वृत्तस्थळांनी मंत्रिमहोदयांचे पूर्ण नाव छापले, ते विल्हेल्मसकट. विकिपीडियावरच्या जागरूक संपादकांना शंका आली आणि त्यांनी पुरावा मागितला. तेव्हा पुरावा म्हणून एका प्रतिष्ठित वृत्तस्थळाचा दुवा पुढे करण्यात आला. त्या वृत्तस्थळाने नाव घेतले होते विकिपीडियावरून.

ही हकीकत सहसा गंमत म्हणून सांगतात. एका नावाने कोणाचे काही बिघडत नाही, हेही खरे. पण विल्हेल्म ज्या वाटेने गेला त्याच वाटेने पदवी जाते, कोर्टातला खटला जातो, आणीबाणीतला तुरुंगवास जातो, गोवा मुक्तिसंग्रामातला सहभाग जातो. एकदा वर्तमानपत्रात आले की त्याला संदर्भ म्हणतात, आणि संदर्भ असलेले वाक्य काढून टाकणे फार अवघड असते. नेत्यांच्या चरित्रांची विश्वासार्हता हा प्रश्न म्हणूनच एका संकेतस्थळापुरता उरत नाही. मतदार, वार्ताहर, शाळेतला प्रकल्प करणारी मुलगी, भाषणाची टिपणे काढणारा कार्यकर्ता, सगळे आधी तेच पान उघडतात. गूगलच्या उजव्या बाजूच्या चौकटीत दिसणारा परिचयही बऱ्याचदा तिथूनच उचललेला असतो.

विकिपीडिया १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला आणि पहिली चार-पाच वर्षे हयात माणसांच्या चरित्रांसाठी वेगळा असा कडक नियम तिथे नव्हता. तो आला एका वृद्ध पत्रकारामुळे. जॉन सायगेन्थालर हे रॉबर्ट केनेडी यांचे एकेकाळचे सहायक. केनेडींच्या अंत्ययात्रेत खांदा देणाऱ्यांपैकी एक. मे २००५ मध्ये कोणीतरी त्यांच्या पानावर लिहिले की जॉन आणि रॉबर्ट या दोन्ही केनेडी बंधूंच्या हत्येत त्यांचा हात असल्याचा संशय होता. हे धादांत खोटे वाक्य चार महिन्यांहून अधिक काळ तसेच राहिले. नोव्हेंबरमध्ये सायगेन्थालर यांनी ‘यूएसए टुडे’त लेख लिहून आपली व्यथा मांडली, आणि महिन्याभरात दोन गोष्टी झाल्या. इंग्रजी विकिपीडियावर खाते नसलेल्यांना नवे पान तयार करण्याची बंदी आली आणि हयात व्यक्तींच्या चरित्रांचे स्वतंत्र धोरण तयार झाले. त्या धोरणाचा गाभा असा: जिवंत माणसाविषयी वादग्रस्त मजकूर असेल आणि त्याला भक्कम आधार नसेल, तर चर्चेची वाट न पाहता तो तत्काळ काढायचा.

नियम चांगला आहे. तो नसता तर आज अनेकांची आयुष्ये उद्ध्वस्त झाली असती. पण व्यवहारात त्याचा एक परिणाम असा दिसतो की निंदेला पुरावा हमखास मागितला जातो आणि स्तुतीला क्वचित. धोरणाच्या शब्दांत असा भेद नाही. माणसाच्या सवयीत तो आहे. ‘भ्रष्टाचाराचा आरोप’ हे शब्द दिसले की दहा डोळे तिकडे वळतात. ‘तालुक्याचा कायापालट केला’ हे वाक्य मात्र वर्षानुवर्षे निवांत पडून राहते, कारण त्याने कोणाची बदनामी होत नाही. मतदाराची फसवणूक मात्र त्यानेही होतेच.

उत्पात, म्हणजे मुद्दाम केलेली खोडी, हा या प्रश्नाचा सर्वांत ठळक दिसणारा आणि माझ्या मते सर्वांत किरकोळ भाग आहे. २० जानेवारी २००९ रोजी ओबामांच्या शपथविधीनंतरच्या भोजनात सिनेटर एडवर्ड केनेडी कोसळले, तेव्हा विकिपीडियाने काही मिनिटे त्यांना आणि सिनेटर रॉबर्ट बर्ड यांना मृत जाहीर केले होते. दोघेही जिवंत होते. असे प्रकार लगेच सापडतात. मोठ्या भाषांत यंत्रणाही उभ्या आहेत: जर्मन विकिपीडियावर २००८ पासून नवख्याने केलेला बदल अनुभवी सदस्याने पाहिल्याशिवाय सर्वसाधारण वाचकाला दिसत नाही; इंग्रजीत संवेदनशील पाने अर्धसुरक्षित करतात, म्हणजे निनावी व अगदी नवख्या सदस्यांना बंद ठेवतात, आणि फारच तापलेली पाने किमान ३० दिवस जुन्या व ५०० संपादने केलेल्या सदस्यांपुरतीच खुली ठेवतात. भारत, पाकिस्तान यांच्याशी संबंधित विषय आणि अमेरिकेचे अलीकडचे राजकारण यांना तर तिथे खास नियमांखाली ठेवलेले आहे. त्यामुळे कोणी पंतप्रधानाच्या पानावर शिवी लिहिली तर ती सहसा क्षणभरच टिकते.

टिकते ते वेगळेच. २००५ च्या जुलैत अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहातले मॅसॅच्युसेट्सचे सदस्य मार्टी मीहान यांच्या कार्यालयातून त्यांच्या पानावरचा मजकूर काढला गेला आणि कार्यालयाने लिहिलेला परिचय तिथे चिकटवला गेला. नव्या मजकुरात खोटे असे फारसे काही नव्हते. फक्त एक गोष्ट गेली होती. पहिल्यांदा निवडून येताना मीहान यांनी चारच मुदती राहीन असे वचन दिले होते आणि ते पाळले नव्हते, हा उल्लेख. जानेवारी २००६ मध्ये त्यांच्याच भागातल्या एका स्थानिक वृत्तपत्राने हे उघडकीला आणले. मग इतर कार्यालयांचीही तपासणी झाली आणि अनेक खासदारांचे कर्मचारी हेच करत असल्याचे दिसले. नवे पान आणि जुने पान शेजारी ठेवल्याशिवाय ही चोरी कळत नाही. वाचकाला दिसते ते स्वच्छ, संदर्भयुक्त, सभ्य भाषेतले चरित्र.

ऑगस्ट २००८ मध्ये सेरा पेलिन यांची उपाध्यक्षपदाची उमेदवारी जाहीर होण्याच्या आदल्या दिवशी एका नव्या सदस्याने त्यांच्या पानात सुमारे ३० बदल केले, बहुतेक त्यांची प्रतिमा उजळणारे. आपल्याकडचे उदाहरण याच्या उलट टोकाचे. जून २०१५ मध्ये जवाहरलाल नेहरूंच्या इंग्रजी पानात त्यांच्या आजोबांच्या धर्माविषयी खोटी माहिती घातली गेली. ती ज्या अंकपत्त्यावरून (आयपी अॅड्रेसवरून) आली तो केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या नावावर होता. मजकूर लगेच उलटवला गेला, पण सरकारी जाळ्यातून देशाच्या पहिल्या पंतप्रधानांचे चरित्र बिघडवले जाऊ शकते हे जगाला दिसले, आणि ते दिसले कारण अंकपत्ता उघड होता. २०१४ मध्ये ब्रिटिश संसदेतून आणि अमेरिकी काँग्रेसमधून होणारे निनावी बदल आपोआप ट्विटरवर जाहीर करणाऱ्या ज्या यंत्रणा सुरू झाल्या, त्या याच उघडेपणावर चालत. आता अनेक विकिपीडियांवर निनावी संपादकांना तात्पुरती खाती दिली जातात आणि अंकपत्ता सर्वसामान्यांना दिसत नाही. संपादकांच्या सुरक्षिततेसाठी हा बदल गरजेचाच होता. पण पहारेकऱ्याच्या हातातला एक कंदील त्यामुळे गेला, हेही नोंदवायला हवे.

संशयाची दुसरी बाजूही पाहू. एप्रिल २०१५ मध्ये, ब्रिटनच्या सार्वत्रिक निवडणुकीच्या तोंडावर, एका स्वयंसेवक प्रचालकाने, म्हणजे विशेष अधिकार असलेल्या संपादकाने, एक खाते रोखले आणि ते हुजूर पक्षाचे तेव्हाचे सहअध्यक्ष ग्रँट शॅप्स किंवा त्यांच्यातर्फे कोणी चालवते असा संशय व्यक्त केला. बातमी पहिल्या पानावर गेली. शॅप्स यांनी इन्कार केला. जूनमध्ये विकिपीडियाच्या लवाद समितीने निर्णय दिला की खाते अमुकच व्यक्तीचे आहे असे म्हणण्याजोगा पुरावा नाही, आणि त्या प्रचालकाचे विशेष अधिकार काढून घेतले. तोवर मतदान होऊन गेले होते. नेत्याने स्वतःचे पान रंगवणे जितके वाईट, तितकेच पुराव्याशिवाय त्याच्यावर तसा आळ घेणेही वाईट. विकिपीडियाने ही चूक आपल्याच माणसाच्या पदरात घातली याचे मला मोल वाटते.

कोर्टात जाण्याचा मार्ग नेत्यांना सोपा वाटतो. नोव्हेंबर २००८ मध्ये जर्मनीतल्या डाव्या पक्षाचे खासदार लुट्झ हाइलमान यांनी स्वतःच्या पूर्वायुष्याविषयीच्या मजकुरावरून ल्यूबेकच्या न्यायालयातून मनाई मिळवली आणि विकिपीडियाचा जर्मन प्रवेशपत्ताच बंद पाडला. परिणाम असा झाला की ज्यांनी ते पान कधी पाहिले नसते अशा लाखोंना ते कळले, विकिपीडियाच्या जर्मन संस्थेकडे देणग्यांचा ओघ लागला आणि काही दिवसांतच खासदारांनी माघार घेतली.

या सगळ्या हकिकती एकेका पानाच्या आहेत. एकूण चित्र काय आहे, यावर अभ्यासकांनी बरेच काम केले आहे. त्यातला मला सर्वांत उपयोगी वाटणारा निष्कर्ष राज्यशास्त्राचे अभ्यासक अॅडम ब्राउन यांनी २०११ मध्ये मांडला. अमेरिकेतल्या उमेदवारांची आणि निवडणुकांची पाने तपासून ते म्हणाले, जे लिहिले आहे ते जवळजवळ नेहमी बरोबर असते. जे नाही ते मात्र फार मोठे असते. चुका गाळण्याच्या होत्या. जुन्या, छोट्या, कमी गाजलेल्या नेत्यांच्या पानांवर तर फारच. पक्षपाताविषयी शेन ग्रीनस्टीन आणि फेंग झू यांनी अमेरिकी राजकारणावरच्या २८ हजारांहून अधिक लेखांची भाषा मोजली. सुरुवातीचे लेख डेमोक्रॅटिक पक्षाकडे झुकलेले होते आणि काळानुसार हा झुकाव कमी होत गेला. पुढे त्यांनी विकिपीडिया आणि ब्रिटानिका यांतल्या सुमारे चार हजार लेखांच्या जोड्या ताडून पाहिल्या: विकिपीडियाचा कल जास्त, पण जिथे संपादने भरपूर तिथे दोघांतला फरक आटलेला. २०१९ च्या एका संशोधनात तर असे आढळले की राजकीय विषयांवर परस्परविरोधी मतांच्या संपादकांनी मिळून लिहिलेले लेख एकमताच्या गटाने लिहिलेल्या लेखांहून सरस ठरतात. उलट २०२४ मध्ये अमेरिकेतल्या मॅनहॅटन इन्स्टिट्यूटने प्रसिद्ध केलेल्या पाहणीत उजव्या नेत्यांच्या नावांभोवती अधिक नकारात्मक शब्द सापडले, आणि सहसंस्थापक लॅरी सँगर तर कित्येक वर्षे हेच सांगत आहेत. नकारात्मक शब्द जास्त म्हणजे अन्याय झालाच असे सिद्ध होत नाही. एखाद्यावर खटलेच जास्त असतील तर शब्द कुठून गोड येणार? पण तक्रार झटकून टाकण्याजोगीही नाही. कोणती वृत्तपत्रे विश्वासार्ह मानायची हे जे ठरवतात, ते चरित्राचा सूरही ठरवतात.

तटस्थता म्हणजे दोन्ही बाजूंना समान जागा, ही समजूत इथे घात करते. विकिपीडियाचे धोरण तसे म्हणत नाही. विश्वासार्ह स्रोतांत ज्या गोष्टीला जेवढे वजन, तेवढेच लेखात, असे ते म्हणते. ४० वर्षांच्या कारकिर्दीवर दोन परिच्छेद आणि गेल्या महिन्यातल्या वादग्रस्त वक्तव्यावर सहा परिच्छेद असतील, तर प्रत्येक वाक्य खरे असूनही ते चरित्र खोटे आहे. स्त्री नेत्यांच्या बाबतीत हा वजनाचा घोळ आणखी ठळक दिसतो. इंग्रजी विकिपीडियावरच्या चरित्रांत स्त्रिया सुमारे एक पंचमांश, आणि त्यांच्या पानांवर लग्न-कुटुंबाचा उल्लेख पुरुषांच्या पानांपेक्षा जास्त, असे अभ्यास सांगतात. आपल्याकडे तर ‘यांच्या पत्नी’ किंवा ‘यांची सून’ इथूनच आमदारबाईंचा परिचय सुरू होतो, आणि त्यांनी सभागृहात काय मांडले ते शोधावे लागते.

या सगळ्याचे तात्पर्य माझ्या लेखी एकच आहे. चरित्र तटस्थ राहते ते त्यावर वेगवेगळ्या मतांच्या अनेकांची नजर असते म्हणून. ती नजर जिथे नाही तिथे काय होते ते क्रोएशियाने दाखवले. चाळीसेक लाख वस्तीचा देश. विकिपीडियाचे संपादक मोजके. किमान २०११ ते २०२० या काळात तिथल्या प्रचालकपदांवर अतिउजव्या विचारांच्या एका छोट्या गटाने ताबा ठेवला. दुसऱ्या महायुद्धातल्या फॅसिस्ट राजवटीचे सौम्यीकरण झाले, नकोशा नेत्यांची पाने काळवंडली, विरोध करणारे सदस्य रोखले गेले. २०१३ मध्ये देशाच्या शिक्षणमंत्र्यांना विद्यार्थ्यांना सांगावे लागले की क्रोएशियन विकिपीडिया वापरू नका. गटाचा म्होरक्या हटायला २०२० उजाडले, आणि विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया प्रतिष्ठानचा चौकशी अहवाल २०२१ मध्ये आला.

मराठी बोलणारे आठ कोटींच्या वर आहेत. पण मराठी विकिपीडियावर नियमाने लिहिणारे फार थोडे, आणि खरी गोष्ट तीच आहे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. अत्यंत कष्टाळू स्वयंसेवकांनी तो वाढवला; ‘दुजोरा हवा’, ‘चर्चापान’, ‘चावडी’, ‘धूळपाटी’ अशी स्वतःची परिभाषा घडवली. इथे क्रोएशियासारखा कट नाही. इथे आहे ती ओसाडी. कोशाची परंपरा तर आपली मोठी: केतकरांचा ज्ञानकोश, सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांचे तीन खंडांचे चरित्रकोश, वाईहून निघालेला मराठी विश्वकोश. चित्रावांचा अर्वाचीन चरित्रकोश १९४६ चा. एकट्या माणसाने हजारो चरित्रे जमवली, आणि त्यांच्यामागे पक्षाचा माणूस उभा नव्हता. आज विधानसभेचे २८८ आणि विधान परिषदेचे ७८ सदस्य, त्याशिवाय माजी सदस्य, खासदार, महापौर, जिल्हा परिषदेचे अध्यक्ष अशा सगळ्यांची पाने कोणी लिहायची? जे लिहितात ते बहुधा नेत्याच्या जवळचे असतात.

ते पानावर दिसतेच. निवडणुकीच्या हंगामात नवे पान येते आणि पहिलेच वाक्य असते, ‘कार्यसम्राट, युवकांचे आशास्थान, लोकनेते मा. श्री. …साहेब’. मजकूर चौकातल्या फ्लेक्सवरून जशाच्या तसा. पुढे ‘विकासकामांचा डोंगर’, ‘गोरगरिबांचा कैवारी’, आणि शेवटी फोटो. आपल्याकडे आदर व्यक्त केल्याशिवाय वाक्य पूर्ण होत नाही आणि ते बरेच आहे. ‘ते’ म्हणण्याने तटस्थतेला बाधा येत नाही. पण ‘साहेब’, ‘दादा’, ‘ताई’, ‘धर्मवीर’ या उपाध्या चरित्राच्या मथळ्यात आल्या की लिहिणाऱ्याने आपली जागा सांगून टाकलेली असते. उपाधी लोकांनी दिली, कधी दिली, कोणी वापरली, हे आत एका वाक्यात लिहिता येते. तेवढे पुरे.

फ्लेक्सची भाषा पुसणे सोपे आहे. अवघड आहे ते पुराव्याचे. मराठी नेत्याच्या आयुष्याचा पुरावा कुठे मिळतो ते पाहा. विधानमंडळ सचिवालय सदस्यांच्या संक्षिप्त परिचयाची पुस्तके काढते. लोकसभेच्या संकेतस्थळावरही परिचय असतो. दोन्हीकडची माहिती सदस्यांनी स्वतः पुरवलेली. जन्मतारखेपासूनच अडचण. ग्रामीण महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीची तारीख शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहिली, हे आपल्याला ठाऊक आहे. परदेशातल्या संपादकाला ते कसे कळावे? मग उमेदवाराचे शपथपत्र. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे प्रत्येक उमेदवाराला गुन्हेगारी प्रकरणे, मालमत्ता आणि शिक्षण जाहीर करावे लागते. लोकशाहीसाठी हा मोठा ठेवा आहे. पण इंग्रजी विकिपीडियाचा नियम सांगतो की हयात व्यक्तीविषयीच्या दाव्यांना अशा कागदपत्रांचा थेट आधार घेऊ नका. त्यावर कोणा विश्वासार्ह माध्यमाने लिहिले असेल तर ते घ्या. नियमामागचे कारण योग्य आहे. ‘गुन्हे १२’ एवढेच लिहिले तर त्यातले आंदोलनात रस्ता अडवल्याचे किती आणि खंडणीचे किती ते कळत नाही, आणि नावसाधर्म्याने भलत्याच माणसाचे पान रंगू शकते. परंतु राज्यस्तरावरच्या बड्या नेत्यांखेरीज बाकीच्यांच्या शपथपत्रांवर सविस्तर लिहितो कोण? जिल्हा पानावरची बातमी ऑनलाइन आली तर तिचा दुवा दोन वर्षांत मरतो.

आणि वर्तमानपत्र तरी नेहमी निखळ कुठे असते? २००९ च्या विधानसभा निवडणुकीत तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांची स्तुती करणारा मजकूर प्रतिस्पर्धी मराठी दैनिकांत जवळजवळ शब्दशः सारखा, बातमी म्हणून छापला गेल्याचे पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’त उघड केले. जुलै २०१४ मध्ये निवडणूक आयोगाने चव्हाण यांच्या खर्चाच्या हिशेबावर ठपका ठेवला. सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा तो आदेश रद्द केला. चांगल्या चरित्रात या तीनही गोष्टी क्रमाने आल्या पाहिजेत. पहिल्या दोन लिहून तिसरी गाळली तर तो नेत्यावर अन्याय. तिसरीच लिहिली तर वाचकावर. पण मला यात आणखी एक धोका दिसतो. पैसे घेऊन बातमी म्हणून छापलेला मजकूर, म्हणजे पेड न्यूज, हाही ‘प्रकाशित स्रोत’च असतो. उद्या कोणी त्याचा संदर्भ देऊन वाक्य लिहिले, तर ते नियमात बसलेले दिसेल.

पक्षफुटीने मराठी पानांची वेगळीच कसोटी घेतली. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली. ऑक्टोबरमध्ये चिन्ह गोठले, १७ फेब्रुवारी २०२३ रोजी आयोगाने नाव आणि धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्या गटाला दिले, ११ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, १० जानेवारी २०२४ रोजी विधानसभा अध्यक्षांनी शिंदे गट हीच खरी शिवसेना असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर ६ फेब्रुवारीला राष्ट्रवादीचे नाव आणि घड्याळ अजित पवार यांच्या गटाकडे गेले. आता चरित्राच्या उजवीकडच्या माहितीचौकटीत ‘पक्ष’ या रकान्यात एकच शब्द बसतो. एखादा आमदार १९९० पासून शिवसेनेत असेल तर कोणत्या तारखेपासून कंसात काय लिहायचे? ‘गद्दार’ किंवा ‘खरी शिवसेना’ हे दोन्ही शब्द लिहिणारे आले आणि येणार. यातून सुटण्याचा मार्ग मला एकच दिसतो: रकान्यात आयोगाकडे नोंदलेले नाव, आणि मजकुरात तारखांसह कोणी काय निर्णय दिला. कोण खरे, हे ठरवणे कोशाचे काम नव्हे.

सरकार आणि न्यायालये यांना मात्र घाई असते. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘छावा’ चित्रपट गाजत असताना छत्रपती संभाजी महाराजांच्या इंग्रजी पानावरच्या मजकुरावरून संताप उसळला. मुख्यमंत्र्यांनी सायबर विभागाला कारवाईस सांगितले आणि पुढे काही संपादकांवर गुन्हा नोंदला गेला. संभाजी महाराजांविषयी गैर मजकूर असेल तर तो पुराव्याने दुरुस्त करण्याची सोय प्रत्येकाला आहे, आणि इतिहासाची बरीच साधने तर आपल्याच भाषेत आहेत. ती साधने पानावर नेणारे हात कमी होते, खरी उणीव ती. एएनआय या वृत्तसंस्थेने जुलै २०२४ मध्ये विकिपीडियाविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दोन कोटींच्या भरपाईचा दावा लावला, संपादकांची ओळख मागितली. खटल्याविषयीचे पानच काढायला लावणारा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ९ मे २०२५ रोजी रद्द केला. बदनामी झालेल्याला कायद्याचे दार उघडे असलेच पाहिजे. पण फुकट, रात्री जागून लिहिणाऱ्या माणसाला पोलिसांची नोटीस येऊ शकते हे एकदा पसरले की नेत्याच्या पानावर टीकेचा परिच्छेद लिहायला कोणी धजावत नाही, आणि उरतात ती कार्यकर्त्यांनी लिहिलेली पाने. यंत्रांच्या बुद्धिमत्तेचे नवे कोश, उदाहरणार्थ ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेला ग्रोकिपीडिया, हा पेच सोडवतील असे मला वाटत नाही. मराठी स्रोतच तुटपुंजे असतील तर यंत्रही तेच तुटपुंजे चघळणार. त्यातही कोणता बदल कोणी आणि का केला याचा माग सामान्य वाचकाला काढता येणे महत्त्वाचे आहे.

तो माग काढण्याची सोय विकिपीडियावर आजही आहे आणि फार थोडे वाचक ती वापरतात. पानाच्या वर ‘इतिहास पहा’ असे लिहिलेले असते. त्यावर टिचकी मारली की बदलांची यादी उघडते: तारीख, वेळ, सदस्याचे नाव आणि मजकूर किती वाढला वा घटला याचा आकडा. वाढला तर हिरवा, घटला तर लाल. कोणत्याही दोन आवृत्त्या निवडल्या की त्या शेजारी-शेजारी येतात आणि गेलेले व आलेले शब्द रंगवून दाखवले जातात. निवडणुकीच्या आधीच्या दोन महिन्यांतला एखादा मोठा लाल आकडा शोधा. त्या बदलाच्या आधीची आणि नंतरची आवृत्ती ताडून पाहा. पुष्कळदा कचराच काढलेला असतो. कधी कधी मात्र एखादा परिच्छेद संदर्भांसकट नाहीसा झालेला दिसतो, आणि कारणाच्या रकान्यात काहीच नसते.

म्हणून शेवटी विनंती. तुमच्या तालुक्याच्या, जिल्ह्याच्या एका माजी आमदाराचे किंवा माजी महापौराचे पान उघडा. शक्यतो अशा नेत्याचे, ज्याला तुम्ही मत दिले नव्हते. ग्रंथालयात जुन्या दैनिकांच्या फायली आहेत, निवडणूक आयोगाचे १९६२ पासूनचे राज्यातले निकाल उपलब्ध आहेत, विधिमंडळाच्या कामकाजाचे छापील अहवाल आहेत. निवृत्त वार्ताहर, राज्यशास्त्राचे प्राध्यापक, ग्रंथपाल, तुमच्याकडे जी कात्रणे आहेत ती दुसऱ्या कोणाकडे नाहीत. एक तारीख दुरुस्त करा, एका वाक्याला संदर्भ द्या, एक ‘लोकनेते’ काढा, आणि जिथे नेत्याने केलेले खरे काम गाळलेले असेल तिथे तेही लिहा. शंका असेल तर थेट बदल न करता चर्चापानावर नोंद ठेवा आणि दुजोरा मागा. दर जिल्ह्यातून अशी पाच-दहा माणसे उभी राहिली, आणि ती वेगवेगळ्या पक्षांना मत देणारी असली, तर पुढच्या निवडणुकीआधी मराठी मतदाराला वाचण्याजोगी चरित्रे मिळतील.